जो मागेल, तो तळेल

घट उठले, दसरा झाला, आपट्याची पानं देवापुढे वाळायला लागली की आमच्या घरात एक वाक्य न चुकता उच्चारलं जातं : "यंदा दिवाळी अगदी साधी करायची हं." या वाक्याला कधीच विरोध होत नाही. सगळे माना डोलावतात. मराठी घरात साधेपणाला उघड विरोध करणं म्हणजे देवाच्या प्रसादाला नको म्हणण्यासारखं. अडचण तपशिलात येते. साधी म्हणजे नेमकं काय गाळायचं, असा विषय निघाला की कळतं, दिवाळीतल्या एकेका जिनसेला घरात एकेक वकील आहे.

शंकरपाळे गाळूया म्हटलं तर मुलगा म्हणतो, "मग चहाबरोबर काय?" जणू उरलेलं वर्षभर तो चहाबरोबर शंकरपाळेच खात आलाय. चिरोटे नकोत म्हटलं तर धाकटे दीर पुण्याहून फोनवर हळवे होतात. नवरा बेसनाच्या लाडवांच्या बाजूनं, नणंद रव्याच्या. चिवड्याबद्दल दुमत नाही, पण तो पातळ पोह्यांचा की भाजक्या पोह्यांचा, यावर घरात दोन तट आहेत आणि तह होण्याची चिन्हं नाहीत. शेवेला स्वतःचा असा वकील नाही, तरी ती प्रत्येक वेळी निर्दोष सुटते. बैठक संपते तेव्हा यादीतून काहीही कमी झालेलं नसतं. उलट कुणाला तरी मध्येच आठवण झालेली असते, म्हणून कडबोळी वाढलेली असतात.

ही यादी एवढी लांबली कशी, याचा विचार करायला मला कढईपुढे भरपूर वेळ मिळालेला आहे. आमच्या आईवडिलांच्या वेळी साखर रेशनकार्डावर मिळायची, तेल जपून वापरायचं असायचं, आणि तळण म्हणजे सणावारालाच. चकली दिवाळीत व्हायची, कारण ती इतर वेळी व्हायची नाही. आता ज्येष्ठातसुद्धा कोपऱ्यावरच्या दुकानात चकलीची पाकिटं टांगलेली असतात. म्हणजे वर्षभर चकली खायची, आणि मग वर्षभर खायला मिळाली नाही असं समजून दिवाळीत पुन्हा करायची.

2022 सालच्या दिवाळीत राज्य सरकारनं रेशन दुकानांतून 'आनंदाचा शिधा' दिला होता : शंभर रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल. किलो-किलोच्या पिशव्या आणि एक लिटर तेल. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी तेवढ्यात रव्याचे लाडू केले, डाळ दळून आणून शेव पाडली, थोडे बेसनाचे लाडू वळले आणि मला डबा आणून दिला. घरात नाही नाही ते जिन्नस असताना माझी यादी अजून कागदावरच होती. मावशी चार जिनसांत दिवाळी उरकून मोकळ्या झाल्या होत्या आणि मी बदाम कुठल्या दुकानातून आणायचे यावर अडले होते. याला काटकसरीचा आदर्श वगैरे म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांना पाचवा जिन्नस परवडला असता तर त्यांनी तो आणलाच असता. पण लाडू चांगले होते, हे खरं.

फराळाच्या आधी साफसफाई येते. साधी दिवाळी या कल्पनेचा पहिला पराभव माळ्यावर होतो. आमच्या माळ्यावर दूरदर्शन संचाचा खोका आहे. त्याची वॉरंटी संपली, पुढे तो संचही गेला, पण आतल्या थर्मोकोलसकट खोका शाबूत आहे, कारण "घर बदलायचं झालं तर लागेल." लग्नातल्या आहेरातला लेमन सेट आहे. त्यातला एक पेला फुटल्यामुळे तो पाहुण्यांपुढे काढता येत नाही, आणि बाकीचे न फुटल्यामुळे टाकता येत नाही. मिक्सरची भांडी आहेत, मिक्सर नाही. कुकरच्या जुन्या रिंगा एका खिळ्याला अशा अडकवल्यात की नव्या सुनेला वाटावं, हे घराण्याचं काही व्रत असेल. पूर्वी बोहारीण दारावर यायची, घासाघीस करून चार जुन्या साड्यांवर एक पातेलं देऊन जायची. तीही वस्तू देऊन वस्तूच घरात आणायची, पण निदान चार जाऊन एक यायची. आता घरबसल्या मागवायची सोय झाल्यापासून एक जातं आणि चार येतात, तेही प्रत्येकी खोक्यासकट.

आणि मग ते उटणं. आमच्या न्हाणीघरातल्या फळीवर उटण्याच्या पुड्यांचा एक डबा आहे. दिवाळीच्या तोंडावर आमच्या भागातले आजी, माजी, भावी आणि भावी होता होता राहिलेले सगळे पुढारी घरोघर पिशवी पाठवतात. पिशवीत दोन पणत्या, एक वडीभर साबण, आणि उटण्याचं पाकीट. पाकिटावर हात जोडलेला फोटो. सुगंधी वस्तू टाकवत नाही म्हणून पाकिटं साठत गेली. अलीकडे ती आवरायला घेतली तेव्हा माझ्या हाती ठाणे जिल्ह्याचा अर्वाचीन राजकीय इतिहासच लागला. एकच गृहस्थ तीन वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांवर, तीन वेगवेगळ्या चिन्हांखाली, अगदी त्याच हसऱ्या चेहऱ्यानं शुभेच्छा देत होते. पक्ष त्यांनी केव्हाच सोडले. उटणं मात्र आमच्याकडे आहे. सासूबाईंनी वास घेऊन निकाल दिला, "टाकून दे. यात आता काही राहिलेलं नाही."

खरं तर घर रिकामं करायची सोय सणानं स्वतःच करून ठेवली आहे. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं असतं. झाडायच्या वस्तूला लक्ष्मी म्हणणारा सण मला फार हुशार वाटतो. आणि त्याच रात्री, जुन्या रीतीप्रमाणे, सूप बडवत, केर काढत अलक्ष्मीला घराबाहेर घालवायचं असतं. पंचांगात 'अलक्ष्मी निःसारण' असं भारदस्त नाव असलं, तरी अर्थ साधा आहे : नको ते बाहेर काढा, मग हवं ते येईल. आपण त्यातला पूजेचा अर्धा भाग तेवढा धरून ठेवला. केरसुणीला कुंकू लागतं आणि ती जपून माळ्यावर जाते, मागच्या वर्षीच्या केरसुणीशेजारी.

दिवाळी अंकांबद्दल मी फार बोलणार नाही, कारण या खटल्यात मी स्वतःच आरोपीच्या वकिलाच्या बाकावर बसते. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरात दिवाळीला वाचायचाही फराळ असतो असा पायंडा पाडून ठेवला. आता दरवर्षी शेकड्यांनी अंक निघतात. आमच्याकडे आलेले थोडे होळीपर्यंत वाचून होतात, उरलेले पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत उभ्या उभ्या वाचले जातात. त्यामुळे साफसफाईला दोन दिवस जास्त लागतात. ते मला मंजूर आहे. तसंच सोसायटीतल्या मुलांच्या किल्ल्यालाही कुणी साधेपणाच्या नावाखाली हात लावू नये. पार्किंगमध्ये माती आणू नये अशी सूचना फळ्यावर लागते, आणि सूचनेखालीच किल्ला उभा राहतो.

तर फराळ. तो कमी करता येत नाही याचं खरं कारण घरात नाही, जिन्यात आहे, हे मला उशिरा उमगलं. फराळाचं ताट शेजारी जातं. वर भरतकामाचा रुमाल, खाली सगळ्याचे दोन-दोन नग. ते ताट रिकामं परत यायचं नसतं. त्यात निदान चिमूटभर साखर तरी येते, आणि मागोमाग त्यांचं ताट येतं. त्यांच्या ताटात अनारसे असले की पुढच्या वर्षी आपल्या ताटात अनारसे नसणं बरं दिसत नाही. म्हणजे मी एकटीनं ठरवून काही होत नाही. हे शस्त्रकपातीच्या बोलण्यांइतकंच नाजूक प्रकरण आहे. समोरच्या वहिनींच्या घरी सोऱ्या चालल्याचा आवाज येत असताना आपण एकतर्फी शस्त्रं कशी खाली ठेवायची? त्यांनाही कदाचित आमच्या तळणाचा वास जात असेल आणि त्याही अशाच दात-ओठ खाऊन भाजणी मळत असतील, हे माझ्या मनात फार वर्षं आलं नव्हतं.

आमच्या घरातला पेच अखेर सोडवला सासूबाईंनी. त्या माहेरच्या वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन ठाण्यात आल्याला आता इतका काळ लोटलाय की बोलणं पुरतं इकडचं झालंय. फक्त राग आला की मालवणी वर येते. दोन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीला दूध आटत असताना पुन्हा यादीची बैठक भरली. दीर फोनवरून चिरोट्यांची बाजू मांडत होते, मुलगा चकलीची, नवरा अनारशांबद्दल काहीतरी म्हणत होता. "आईच्या हातचे अनारसे म्हणजे..." एवढं तो बोलला मात्र. सासूबाईंनी पळी पातेल्यावर आपटली आणि म्हणाल्या, "जो मागतलो, तोच तळतलो."

खोलीत शांतता पसरली. फोनवर दीरांना ऐकू आलं नाही, म्हणून नवऱ्यानं त्याचं प्रमाण मराठीत भाषांतर करून सांगितलं. मग तिकडेही शांतता पसरली.

कायदा एवढाच : ज्याला जे हवं, ते त्यानं करावं. बाजारातून आणायचं तर खुशाल आणावं, पण पिशवी त्यानंच उचलावी, पैसे त्यानंच द्यावेत. कुणी कुणाला "तू छान करतेस म्हणून" असं म्हणायचं नाही. हे शेवटचं कलम सासूबाईंनी मुद्दाम घातलं. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं आणि त्याची किंमत त्यांना पाठ होती.

दहा मिनिटांत चिरोटे मागे घेतले गेले. शंकरपाळ्यांना कुणी जामीनच राहिलं नाही. कडबोळ्यांची आठवण काढणाऱ्याला आपण ती काढली होती हेच आठवेना. मुलानं चकली लावून धरली आणि महिला बचत गटाच्या ताईंकडून तयार भाजणी आणली. मग संध्याकाळभर तो सोऱ्या दाबत बसला. पहिला घाणा कडक झाला. मोहन कमी पडलं, असं सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. दुसरा तेल प्यायला. आता ते जास्त झालं, असं त्या म्हणाल्या. तिसरा बरा साधला आणि त्यातली पहिली चकली त्यानं कुणालाही न विचारता स्वतः खाल्ली. तळणाऱ्याचा तो हक्कच आहे, पण इतक्या वर्षांत आम्हा बायकांना तो कुणी सांगितला नव्हता.

अनारशांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. नवरा बोलून बसला होता, आता माघार नव्हती. अनारसा म्हणजे तांदूळ आणि गूळ, एवढं वाचून तो खूश झाला : दोनच जिन्नस, याहून साधं काय? मग कळलं की तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जो वास सुटतो, तो त्याला ठाऊकच नव्हता. इतकी वर्षं तो वास बहुधा त्याच्या कार्यालयीन वेळेतच सुटत असावा. मग ते तांदूळ पंचावर पसरून सावलीत सुकवायचे, पण पुरते नाही. हाताला किंचित दमट लागले पाहिजेत. "किंचित म्हणजे किती?" त्यानं आईला विचारलं. "हाताला कळतं," त्या म्हणाल्या. ज्या माणसाचा हात आजवर रिमोटपलीकडे कशाला दमट-सुका म्हणून लागला नव्हता, त्याला हे उत्तर फार जिव्हारी लागलं. त्यानं कपाटातून 'रुचिरा' काढलं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 साली आलं आणि घरात सांगायला मोठं माणूस नसलेल्या कितीतरी मुलींचं त्यानं निभावून नेलं. तेव्हापासूनच्या सासुरवाशिणींच्या यादीत आता एका निवृत्तीला आलेल्या नवऱ्याची भर पडली.

पीठ दळून, चाळून, गुळात मळून, तूप लावून गोळे बरणीत भरून ठेवले. ते मुरेपर्यंत तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी बरणीकडे बघून जायचा. धनत्रयोदशीला संध्याकाळी तूप तापलं. खसखशीवर अनारसा थापला, खसखशीची बाजू वर ठेवून हलकेच सोडला, आणि तो तुपात पडल्या पडल्या हसला. ज्यांनी अनारसे केलेत त्यांना हसणं म्हणजे काय ते ठाऊक आहे : आधी कडा सुटतात, मग जाळी विस्कटते, आणि बघता बघता सगळा अनारसा कढईभर पांगतो. नवरा झाऱ्या घेऊन ते वैभव बघत उभा राहिला. गुळाचं प्रमाण जास्त झालं होतं. सासूबाई उठल्या, उरलेल्या गोळ्यांत थोडी तांदळाची पिठी मिसळायला सांगितली, गॅस बारीक केला आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या. झाऱ्या हातात घेतला नाही. मला वाटतं, त्या रात्री त्यांनी केलेली ती सर्वांत कठीण गोष्ट होती.

पुढचे अनारसे बरे उतरले. थोडेच झाले. त्यातला एकेक नवऱ्यानं पाहुण्यांना असा दिला की घेणाऱ्याला पावती मागावीशी वाटली असती.

या कायद्यानं माझंही एक गुपित बाहेर पडलं. मी काहीच मागितलं नव्हतं, म्हणजे मला पूर्ण सुट्टी होती. वसुबारस गेली, मी दिवाळी अंक घेऊन पाय पसरून बसले. आणि दुसऱ्या दिवशी उठून कुणी सांगितलं नसताना नारळ खवायला घेतला. करंज्या कुणीही मागितल्या नव्हत्या. मलाच कातणीनं कड कापायला आवडतं. कड कापताना फुलाफुलांची जी नक्षी उमटत जाते ती बघायला आवडते, हे मला त्या दिवशी कळलं. इतक्या वर्षांच्या करंज्या मी यादीसाठी केल्या होत्या. या मी करंज्यांसाठी केल्या. थोड्याच केल्या. सारण कमी पडून एखादी खुळखुळा झाली तरी कुणाला जाब द्यायचा नव्हता.

नरकचतुर्दशीला सासूबाईंनी स्वतःच्या वाट्याचं काय मागितलं ते सांगते : पोहे. त्यांच्या माहेरी, तिकडे सिंधुदुर्गात आणि पुढे गोव्यात, दिवाळीची सकाळ पोह्यांची. गोव्यात पहाटेपर्यंत नरकासुराचे पुतळे जाळून होतात. घराघरांत तुळशीपुढे कडू कारीट डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोडलं जातं. आणि मग नव्या भाताच्या पोह्यांचे नाना प्रकार : दुधातले, ताकातले, नारळाच्या रसात गूळ घालून केलेले, गूळखोबरं कालवलेले, फोडणीचे, सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ. शेजारीपाजारी एकमेकांकडे जाऊन तेच पोहे खायचे. सगळ्यांच्या घरी तेच, म्हणून कुणाच्या ताटाशी कुणाचं ताट लावून बघायचं कारण नाही. नऊ वाजता सगळं आटोपलेलं. मला हे ऐकून भरून आलं. म्हटलं, "आई, हीच तर खरी साधी दिवाळी!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढची वाक्यं गिळावी लागली. "साधी?" त्या म्हणाल्या. "पोहे काय आभाळातून पडत होते? भात भिजवायचं, भाजायचं, गरम असतानाच कांडायचं. मुसळ कोण उचलत होतं? आम्ही. आदल्या रात्रीपर्यंत खांदे भरून यायचे. खाणाऱ्याला साधी होती हो." मग थोड्या वेळानं, बशीतले दुधातले पोहे संपवून, "पण चव होती," असंही म्हणाल्या. आमच्याकडचे पोहे किराणा दुकानातले होते. ते भिजवून गूळखोबरं कालवायला मला वीस मिनिटंही लागली नाहीत. तेव्हा पहिली खरीखुरी साधी दिवाळी, खाणाऱ्याला आणि करणाऱ्याला दोघांनाही, बहुधा आमच्याच घरी झाली असावी, पण ते मी मोठ्यांदा बोलले नाही.

जर्मनीतल्या भाच्याला कुरिअरनं फराळ पाठवायचा होता, तोही त्याच कायद्याखाली नणंदेनं स्वतःच केला. मोडलेल्या चकल्यांचा चुरा पोचला आणि त्यानं तो दह्यात घालून खाल्ला, असं कळलं.

राहता राहिला जिना. त्या खेपेला मी धीर करून समोरच्या वहिनींकडे गेले आणि बोलले. म्हटलं, तुम्हीही दमता, मीही दमते, यंदा ताटं बंद करूया का? त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, हे मी दहा वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं. "देवासारख्या बोललात," म्हणाल्या. आम्ही जिन्यात उभं राहून हातावर हात मारून ठरवलं : ताट द्यायचं नाही, घ्यायचं नाही, वाईट वाटून घ्यायचं नाही. दोघी हलक्या मनानं घरात गेलो.

पाडव्याच्या संध्याकाळी बेल वाजली. दारात वहिनी, हातात चांगला दीड किलोचा स्टीलचा डबा. "हे ताट नाही हं," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "नुसता चिवडा आहे. ताटाचं आपलं ठरलं होतं, डब्याचं काही ठरलं नव्हतं."

मी त्यांना आत बसवलं आणि स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या नावाच्या करंज्या मी सकाळीच एका डब्यात भरून ठेवल्या होत्या.